प्रोसेसर बदलण्याआधी कार्डाचा आकडा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या प्रोसेसरची माहिती नेहमी येते. कोअर किती, वेग किती, किंमत किती, सगळं असतं. ते कात्रण हातात घेऊन दुकानात येणारी माणसं मी पाहिली आहेत. पण घरात आधीच एक गेमिंगचा पीसी आहे, तर त्यात नवा प्रोसेसर घालावा की घालू नये, हे ठरवायचं कसं, याबद्दल तिथं कधी वाचायला मिळालं नाही. लोकांना अडतं ते नेमकं तिथंच. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते जरा लांबेल, पण शक्य तितकं छापावं ही विनंती.

मी इचलकरंजीत संगणक जोडणीचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कॉलेजची मुलं आणि त्यांच्यामागे पैसे मोजणारे आईवडील. दिवाळीचा बोनस हातात पडला, बारावीचा निकाल लागला, की "ताई, प्रोसेसर अपग्रेड करायचाय" असं म्हणत पोरं येतात. त्यात गैर काही नाही. दिवसभर राबून आलेल्या तरुण पोराने तासभर मित्रांबरोबर गेम खेळला तर माझ्या मते ते त्याच्या हक्काचं सुख आहे. पण ज्या घरात वीस-पंचवीस हजार रुपये साठायला वर्ष जातं, त्या घराचे पैसे मशीनच्या नको त्या भागावर खर्च झाले की मला मनापासून वाईट वाटतं. आणि असं सर्रास होतं आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मागावर काम करणारे एक काका मुलाला घेऊन आले. हातात दुसऱ्या एका दुकानाचं कोटेशन होतं: नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, नवी डीडीआर फाइव्ह रॅम, मिळून अडतीस हजार. मुलाची तक्रार अशी की सायबरपंक 2077 हा गेम अडकत अडकत चालतो. तिथल्या माणसाने मशीन न उघडता, नुसतं नाव ऐकून सांगितलं होतं, "रायझन 5 3600 ना? 2019 चा प्रोसेसर आहे, आता जुना झाला." मी म्हटलं, काका, पैसे खिशात राहू द्या, आधी कॅबिनेट घेऊन या.

मशीन आलं. रायझन 5 3600, दोन कांड्यांत मिळून 16 जीबी रॅम, आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, जीटीएक्स 1650, चार जीबीचं. आफ्टरबर्नर नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडे दाखवतो. तो लावला आणि मुलालाच गेम खेळायला बसवलं. फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, चाळीसच्या आसपास, कार्ड 98-99 टक्के वापरात, प्रोसेसर पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात. मग सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 वर आणलं आणि त्याच चौकात, त्याच गर्दीतून पुन्हा फिरायला सांगितलं. फ्रेम सत्तरच्या घरात गेल्या. चित्र धूसर झालं, पण आपल्याला हवं ते कळलं. रिझोल्यूशन कमी केलं की कार्डाचं काम घटतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे हा "जुना" प्रोसेसर सत्तर फ्रेमचं काम करायला तयार होता, कार्डच चाळीसवर थांबत होतं.

काकांनी विचारलं, "म्हणजे काय ते मला समजंल असं सांगा." मी म्हटलं, सायझिंगमधून (सुताला खळ देतात तिथून) बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) वेळेवर आला नाही तर माग उभा राहतो, बरोबर? पण माग आधीच पूर्ण वेगाने चालतोय, आणि तुम्ही दारात आणखी चार बीम आणून ठेवले, तर कापड वाढेल का? ते हसले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "ऐक."

त्यांनी नुसतं कार्ड बदललं. आरएक्स 6600 घातलं, आधी पॉवर सप्लायला आठ पिनांची वायर आहे याची खात्री करून, कारण जुन्या कार्डाला ती लागत नव्हती. अडतीस हजारांच्या कोटेशनच्या मानाने खर्च बराच कमी आला. तोच गेम त्याच प्रोसेसरवर आता 1080 ला साठच्या खाली क्वचित येतो.

यामागचं गणित प्रत्येक पालकाला समजेल इतकं सोपं आहे. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात 16.7 मिलिसेकंद. 144 हव्या असतील तर 6.9. तेवढ्या वेळात प्रोसेसरने ठरवायचं असतं की कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठं वळली, आणि कार्डाला सांगायचं असतं की हे हे काढ. कार्ड मग ते चित्र काढतं. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वेगाने गेम चालतो. दुसरा कितीही वेगवान आणून बसवा, तो नुसता वाट पाहत राहणार.

इथं एक फसवी गोष्ट आहे. मुलं विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडतात आणि म्हणतात, "प्रोसेसर तर तीसच टक्के वापरात आहे, मग तो कमी पडतोच कसा?" सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा दिसतो जेमतेम आठ टक्के. बऱ्याच गेमचं मुख्य काम एका-दोन थ्रेडवरच चालतं. तो एक थ्रेड धापा टाकत असला तरी बेरजेत ते दिसत नाही. म्हणून मी प्रोसेसरचा आकडा सोडून कार्डाचा बघायला सांगते. कार्ड 95 टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसरवर रुपयाही घालू नका. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरीही फ्रेम हव्या तेवढ्या मिळत नाहीत, तरच प्रोसेसरकडे बोट दाखवा. आणि हे बघताना व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद असू द्या. साठची मर्यादा लावलेली असेल तर कार्ड अर्ध्या क्षमतेवर आरामात बसलेलं दिसतं, त्यात प्रोसेसरचा काही दोष नसतो. तसंच, घरातला मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा, असेल तर दीडशे फ्रेम तयार झाल्या तरी त्या पडद्यावर दिसणार नाहीत. अशा घरात आधी मॉनिटरचा विचार करावा.

कुठला भाग कमी पडतो ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या "बॉटलनेक कॅल्क्युलेटर"वर माझा अजिबात विश्वास नाही. प्रोसेसरचं आणि कार्डाचं नाव टाकलं की ते एक टक्केवारी सांगतात, आणि पोरं ती दगडावरची रेघ समजतात. एकाच मशीनवर एका गेममध्ये कार्ड कमी पडतं, दुसऱ्यात प्रोसेसर. सायबरपंकमध्ये भार कार्डावर, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये तो प्रोसेसरवर. सिटीज स्कायलाइन्स 2 मध्ये शहर वाढवत नेलं की चांगले चांगले प्रोसेसर गुडघे टेकतात. तुम्ही काय खेळता हे न विचारता कुणी टक्केवारी सांगत असेल तर ती खरी असूच शकत नाही.

यूट्यूबवरच्या चाचण्यांबद्दलही एक सांगायला हवं. त्या खोट्या नसतात. पण प्रोसेसर तपासणारे लोक मुद्दाम बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन 1080 ठेवतात. कार्डाचा अडथळा राहू नये आणि प्रोसेसरांमधला फरक उघडा पडावा, म्हणून. पद्धत बरोबरच आहे. पण तिथं दोन प्रोसेसरांत दिसणारा चाळीस टक्क्यांचा फरक आरटीएक्स 3060 लावलेल्या मशीनवर दिसत नाही, कारण ते कार्ड त्याच्या कितीतरी आधी दमतं. व्हिडिओ बघून ठरवणाऱ्याने आधी चाचणीत कार्ड कुठलं आहे ते वाचावं.

याचा अर्थ मी प्रोसेसर बदलूच नका म्हणते असा नाही. कागलच्या एमआयडीसीत नोकरी करणारी एक मुलगी काउंटर-स्ट्राइक 2 खेळते, मनापासून खेळते. तिच्याकडे 144 हर्ट्झचा मॉनिटर, आरटीएक्स 3060 कार्ड, आणि 2018 सालचा रायझन 5 2600. धूर पसरला, दोन-तीन खेळाडू एकदम समोर आले, की फ्रेम धाडकन खाली. त्या क्षणी कार्ड 55 टक्क्यांवर. रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढल्या नाहीत. हे प्रोसेसरचंच काम होतं, आणि मी तिला बिनदिक्कत "बदल" म्हणून सांगितलं.

तिचं नशीब असं की तिचा बोर्ड बी450, एएम4 सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा). एएमडी कंपनीने रायझनची पहिली पिढी 2017 मध्ये या सॉकेटवर आणली आणि 5000 मालिकेपर्यंत तोच सॉकेट टिकवला. त्यामुळे बोर्ड, रॅम, कूलर सगळं तसंच ठेवून दहा हजारांच्या आसपास रायझन 5 5600 बसला आणि त्या गेममध्ये फ्रेम दीडपटीच्या वर गेल्या. मुख्य म्हणजे मधेच बसणारे धक्के गेले. हेच तिने एएम5 या पुढच्या सॉकेटचा नवा संच घेतला असता तर बोर्डही नवा आणि रॅमही नवी, कारण तिथं डीडीआर फाइव्हच चालते. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की त्या हिशेबाला हात लावायची हिंमत होत नाही. एएम4 बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी सगळा संच बदलण्याआधी हा पर्याय जरूर तपासावा. मात्र कार्ड असणाऱ्याने 5600 आणि 5600जी यांत गल्लत करू नये. जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, पण एल3 कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती) 32 ऐवजी 16 एमबी असते, आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. कॅश वाढवली की काय होतं ते एएमडीने 2022 मध्ये 5800एक्स3डी आणून दाखवलंच: 96 एमबी कॅश, आणि जुन्या बोर्डावर नव्या पिढीशी टक्कर. दुर्दैवाने तो आणि त्याचा धाकटा भाऊ 5700एक्स3डी आता बाजारात सहज सापडत नाहीत.

हे काम घरी करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नाहीतर नवा बसवल्यावर पडदा काळाच राहतो. आणि अपडेट करताना मशीन यूपीएसवर असलं पाहिजे. मध्येच वीज गेली तर बोर्ड तिथंच निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. दुसरं, एएम4 च्या प्रोसेसरला पिना खालून असतात. कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी वीस मिनिटं गेम चालवावा म्हणजे पेस्ट मऊ होते, मशीन बंद करून वीज तोडावी, मग कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करावा. वाकलेली पिन मी भिंगाखाली लीड बदलायच्या पेन्सिलच्या रिकाम्या नळीने सरळ करते, पण प्रत्येक वेळी ती वाचतेच असं नाही.

इंटेलवाल्यांचं तसं नाही. तिथं सॉकेट लवकर बदलतात. सहाव्या-सातव्या पिढीचा बोर्ड असलेल्याला आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचं नाव तेच असूनही. अशी मुलं मग त्याच बोर्डासाठी जुना i7-7700 शोधत फिरतात, आणि सेकंडहँड बाजारात त्याला अजून भाव आहे. मी त्यांना ठाम नको म्हणते. चार कोअरच्या जुन्या चिपवर पैसे घालायचे, आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तो बसतही नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. विंडोज 11 वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयींशिवाय सुरूच होत नाही. अशा मशीनचा संच बदलणं हेच शहाणपणाचं, मग ते सहा महिन्यांनी का होईना. बाराव्या पिढीचा i3 घेतलेले मात्र सुखात आहेत, त्यांच्या बोर्डावर तेरावी-चौदावी पिढी बायोस अपडेट करून चालते. फक्त त्या दोन पिढ्यांचे वरचे i7, i9 वापरलेले घेऊ नका. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. इंटेलने ऑगस्ट 2024 मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, पण आधीच खराब झालेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नाही.

आता जे सगळ्यात जास्त दिसतं ते. आमच्या गावात हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. मागाच्या शेडला लागून ज्यांचं घर, त्यांच्या कॅबिनेटचं झाकण काढलं की कूलरच्या पंख्यामागे बोटाने सोलून काढावा असा थर सापडतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण पट्ट्यांमधून वारा जातच नाही. प्रोसेसर 95 अंशांवर पोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मुलगा म्हणतो, "पहिली दहा मिनिटं मस्त चालतो, मग लॅग." हे ऐकलं की मी कोटेशन काढत नाही, ब्रश काढते. पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारायचा, जुनी पेस्ट पुसायची, नवी लावायची. तोच प्रोसेसर सत्तरीत येतो आणि लॅग जातो. सेलमधला नवा प्रोसेसर त्याच कॅबिनेटमध्ये घातला असता तर दोन-तीन महिन्यांत तोही तसाच तापला असता.

तसंच रॅमचं. आठ जीबीची एकच कांडी असलेली कितीतरी मशीन्स माझ्यासमोर येतात. बोर्डावर दोन खाचा आणि एक रिकामी. दोन कांड्या असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते आणि गेममधले झटके बऱ्याचदा तिथंच थांबतात. काही ठिकाणी दोन कांड्या असतात, 3200 ची रॅम म्हणून पैसे मोजलेले असतात, पण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे ती वर्षानुवर्षं 2133 किंवा 2400 वर चालत असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर हा आकडा दिसतो, आजच बघा. आणि गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर टाकलेला असेल तर नवा भाग लोड होताना तो अडकणारच.

माझ्या व्यवसायबंधूंना माझं एक सांगणं आहे. मशीन चालू करून, आकडे दाखवून मगच प्रोसेसर विका. अर्धा तास जातो, कधी विक्री बुडतेही. पण जे काका अडतीस हजार घेऊन आले होते, त्यांनी नंतर भाच्याचा पीसी माझ्याकडूनच जोडून घेतला. खोका सीलबंद आहे की नुसती ट्रेमधली (खोक्याशिवाय सुटी विकलेली) चिप आहे, हेही गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगा. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी असते, ट्रेच्या चिपला कंपनी तशी हमी देत नाही, आणि बिलावर 18 टक्के जीएसटी तर दोन्हीकडे लागतोच. पालकांनी पक्कं बिल घ्यावं, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्यावं, आणि तक्रार आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

संपादक महोदय, आपल्या पानावर नव्या प्रोसेसरची चौकट छापता, तिच्या शेजारी आणखी एक छोटी चौकट दिलीत तर फार बरं होईल: हा प्रोसेसर कुठल्या जुन्या बोर्डावर बसतो, त्याला कुठली रॅम लागते, आणि कुठल्या कार्डापासून पुढं त्याचा उपयोग होतो. सणाच्या सेलआधीच्या अंकात ती आली तर पालकांना जास्त उपयोगी पडेल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीन्सची आधीची आणि नंतरची मोजमापं मी वहीत लिहून ठेवते. आपल्या प्रतिनिधीला ती हवी असतील तर दुकानात येऊन खुशाल उतरवून घ्यावीत.

आपली विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, इचलकरंजी